अँबॅसिडरने वज्रेश्वरीला, कॉन्टेसाने परत

सासुरवाडीहून फोन आला आणि मी रविवारचे सगळे बेत गुंडाळले. भिवंडीजवळ पूर्ण्याला माझे दोन मेहुणे राहतात. तिथल्या गोदामाच्या कोपऱ्यात दोन जुन्या गाड्या होत्या: सासऱ्यांनी सत्तरच्या दशकात घेतलेली अँबॅसिडर आणि धाकट्या विलासने नव्वदीत हौसेने घेतलेली कॉन्टेसा. आता तो कोपराही भाड्याने गेला. दारात एकच गाडी मावते. कुठली ठेवायची, यावरून भावाभावांत अबोला. शेवटी ठरलं, भावजी चालवून सांगतील ती. मला तर लॉटरीच लागली!

आमच्या टोकावड्याहून एसटीने कल्याण, तिथून रिक्षा. मुक्काम करून सकाळी लवकर निघालो, कारण एकदा कंटेनर सुरू झाले की अंजूरफाट्याला अडकलातच. विलास कॉन्टेसा घेऊन आदल्या संध्याकाळीच वज्रेश्वरीला गेला होता.

सासूबाईंचा नियम एकच. "देवीला मोकली गारी न्यायची न्हाय." म्हणून अँबॅसिडरमध्ये नऊ जण! पुढची सीट सलग, गिअर स्टिअरिंगपाशी, त्यामुळे पुढेच चौघं. वाडा रोडचे खड्डे आम्ही पाळण्यात बसल्यासारखे पार केले. ब्रेक मात्र आधी विनंती केल्यावर लागतो. अंबाडी नाक्यावर गरम वडापाव खा, चुकवू नका. देवीपुढे मी एवढंच मागितलं की निवाडा खरा दे.

परतताना थोरला मेहुणा, दादा, अँबॅसिडर घेऊन मागे, विलास आमच्यात. दादाने बजावलं, "नऊ म्हंजे नऊ! वजन सारखं पायजे."

कॉन्टेसा बसकी. पहिल्याच गतिरोधकावर खालून खर्रर्र! मग प्रत्येक गतिरोधकाला सगळे उतरायचे, चालायचे, पुन्हा कोंबून बसायचे. एक टेम्पोवाला ओरडला, "चाचा, गाड़ी है या बारात?" सासूबाई कडाडल्या, "मी आता उतरनार न्हाय! गारी उचला." हसून माझ्या डोळ्यांत पाणी. पण सपाट रस्ता लागला, पाचवा गिअर पडला, आणि काय सांगू, लोण्यातून सुरी! समोर म्हैस आडवी आली, ब्रेक दाबला, गाडी जागच्या जागी उभी.

अंगणात दोघे भाऊ माझ्या तोंडाकडे बघत उभे. "कॉन्टेसा ठेवा," मी म्हटलं. "ब्रेकला तोड नाही."

विलास हसला नाही. दादा "बरं" म्हणाला आणि खांद्यावरच्या टॉवेलने अँबॅसिडरचं बॉनेट पुसू लागला.

"भंगारात न्हाय द्यायची, दादा," विलास म्हणाला. किती दिवसांनी त्याने हाक मारली होती!

"मग मला द्या," मी बोलून गेलो.

बायको म्हणाली, "ठेवणार कुठं?"

"गोठा रिकामाच आहे."

सासूबाई हसत सुटल्या. "पोरगी दिली तवा गारी द्यायची ऱ्हायली व्हती, म्हना!"

नारपोलीत ब्रेक नीट करून घेतले. गाडी दादानेच टोकावड्यापर्यंत आणली, गोठ्यात लावली, नारळ फोडला आणि एसटीने परत गेला. चावी त्याच्याच खिशात राहिली. फोन केला तर म्हणाला, "रविवारी आनतो."

रविवारी आला. बायकोला आणि मला बाजारपेठेत फिरवून आणलं, जेवला, गेला. चावी पुन्हा खिशात. आता तो दर रविवारी येतो. मीही मागत नाही.