वाकळीखालची पेटी

माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, उघडी वस्तू बघवत नाही. टीव्हीला झालर, मिक्सरला टोपडं, माझ्या लॅपटॉपला माझ्याच जुन्या ओढणीची पिशवी. कुरुंद्यात हळदीच्या दिवसांत ते पटतंही. हळद पॉलिश करायचा ड्रम फिरायला लागला की पिवळी धूळ चहाच्या कपापर्यंत पोचते. पण मी चिडायचे. इंजिनिअर बाईला असली पिशवी शोभत नाही, असं माझं ठाम मत होतं.

मी घरी बसून पुण्याच्या एका लहान कंपनीचं काम करते. आम्ही सोलर पंपाच्या कंट्रोलरच्या पेट्या बनवतो. पेटी धुळीमुळे पूर्ण बंद, आतले भाग तापणारे. सगळी उष्णता बाहेरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांतून जावी लागते. ती जाईल की नाही हे आधीच कॉम्प्युटरवर कळावं म्हणून यंदा सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं आणि निवड माझ्यावर आली. साहेबांनी विश्वास दाखवला, असं मी घरी सांगितलं. खरं म्हणजे माझी पहिली पेटी मागच्या वर्षी आमच्याच शेतात, ऐन उन्हाळी भुईमुगात जळाली होती. भुईमूग डोळ्यांदेखत वाळला. सासऱ्यांनी वाळलेले वेल स्वतःच उपटून बांधावर टाकले, तेच जास्त लागलं. आता दुसरी जळाली असती तर कंपनीत आणि घरात, कुठंच मला तोंड दाखवता आलं नसतं.

चाचणीसाठी दोन सॉफ्टवेअर आली. एक भारदस्त, विमानापासून धरणापर्यंत सगळं करणारं. दुसरं फक्त इलेक्ट्रॉनिक्स थंड ठेवण्यापुरतं, साधंसुधं. माझा जीव अर्थातच पहिल्यावर. चार लोकांत नाव सांगायला बरं वाटलं असतं.

निवाडा शेतात करायचा ठरवून मी विहिरीजवळच्या शेडच्या भिंतीवर नवी पेटी बसवली आणि तिला तापमान नोंदवणाऱ्या तारा जोडल्या. दोन्ही सॉफ्टवेअरनी भर दुपारचं पेटीच्या आतलं तापमान पासष्ट अंशांच्या आसपास सांगितलं. शेतातून आकडा आला चौऱ्याऐंशी. दुसऱ्या दिवशीही तोच. मी तारांवर, उन्हावर, दोन्ही सॉफ्टवेअरवर मनसोक्त डाफरले. तिसऱ्या दिवशी भर उन्हात स्वतः गेले, तर भिंतीवर पेटी दिसेचना. तिच्यावर वाकळीचा, म्हणजे जुन्या गोधडीचा, तुकडा होता, चारी टोकं सुतळीनं घट्ट बांधलेला.

शेडमध्ये हळद निवडत बसलेल्या आत्याबाईंना मी विचारलं, हे कुणी केलं?

"मीच की. मशीन हाय, धूळ खाईन न्हाई का? मागल्या सालीबी झाकली व्हती."

माझा चेहरा बघून त्यांनाही उमगलं. हातातली हळद तशीच राहिली.

"म्हंजी ती पेटी माझ्यानं जळाली व्हय?"

मला "नाही" म्हणता आलं असतं. मी रागात "हो" म्हणाले. संध्याकाळी घरी येऊन बघते तर आत्याबाईंनी आधीच येऊन सगळी झाकणं काढलेली; टीव्ही उघडा, मिक्सर उघडा, आणि लॅपटॉपच्या बटणांवर पिवळी धूळ. इतके दिवस मला हेच तर हवं होतं, पण तेव्हा मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही सॉफ्टवेअरच्या कंपन्यांना फोन लावला. भारदस्त सॉफ्टवेअरवाल्या साहेबांनी समजावलं की ही वापरणाऱ्याची चूक आहे, माहितीपत्रकात "झाकू नये" असं छापा. बरोबरच होतं त्यांचं. पण कुरुंद्यापासून वारंगा फाट्यापर्यंत कुठल्याही विहिरीवर बघा, स्टार्टरवर पोतं नाहीतर जुनं लुगडं असतंच. माहितीपत्रक वाचून ते कोण काढणार?

दुसरीकडच्या ताईंनी एवढंच विचारलं, वाकळ किती जाड आहे? मी फोन स्पीकरवर टाकून आत्याबाईंपुढं धरला. त्यांनी पडल्या आवाजात सांगितलं, सात पदर, वरखाली लुगडं, मधे धोतरं. ताईंनी तो कापडाचा थर पेटीवर कसा चढवायचा ते दाखवलं आणि अर्ध्या तासात पडद्यावर आकडा आला, ब्याऐंशी, शेतातल्या चौऱ्याऐंशीच्या अगदी जवळ. भारदस्त सॉफ्टवेअरला त्याच वाकळीसाठी सगळी आकडेमोड पहिल्यापासून करावी लागली. ती निम्मी होते न होते तोच लाइट गेली आणि मागोमाग लॅपटॉपची बॅटरीही संपली. मी त्याच दिवशी साध्यासुध्याचं नाव कळवून टाकलं.

मग पेटी बदलली. पात्यांपासून चार बोटं अंतरावर पत्र्याची टोपी दिली, म्हणजे कापड टोपीवर राहील आणि आतून हवा खेळेल. नवी पेटी भिंतीवर बसली तेव्हा मी आत्याबाईंना वाकळ घेऊन या म्हणाले. त्या तयार होईनात.

"न्हाई बाई. मला हात लावू देऊ नको."

"आत्याबाई, ही पेटी तुमची वाकळ धरूनच बनवलीय. झाका."

त्यांनी हळूच चारी टोकं बांधली. दुपार होईपर्यंत आम्ही दोघी शेडच्या सावलीत बसलो. सासरे पाणी बघायचं निमित्त करून तीनदा चक्कर मारून गेले. आकडा सदुसष्टवर थांबला, जवळजवळ उघड्या पेटीइतकाच.

"बराबर हाय का?" आत्याबाईंनी विचारलं.

"एकदम बराबर," मी म्हणाले. चौथ्यांदा आलेले सासरे पुढं झाले आणि सुतळीची एक सैल गाठ त्यांनी स्वतःच आवळली.

संध्याकाळी कामाला बसले, तर लॅपटॉप ओढणीच्या पिशवीत होता.