शेवटच्या बाकावर कोण बसणार?

क्लासच्या मालकांनी आधी भिंतीत खिळा ठोकला, मग बाईंना सांगितलं. "इथे तुमचं इंग्रजी शिकवण्याचं सर्टिफिकेट लागलं पाहिजे, सोमवारपर्यंत. नाहीतर मला दुसरी बाई बघावी लागेल. लोक हल्ली भिंत बघून नाव नोंदवतात."

लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर, इस्त्रीच्या वाफेने कायम दमट असलेल्या त्या खोलीत बाई अकरा वर्षं शिकवत होत्या. विद्यार्थी सगळे कामकरी. हॉटेलातल्या खोल्या आवरणाऱ्या बायका, रुग्णालयातले मदतनीस, एक लिफ्टवाला. बाईंचं घर याच वर्गावर चालायचं.

नणंदेकडे उपाय तयार होता. "अगं वहिनी, मी घेतलं की परवा, ऑनलाइन. एकशेवीस तासांचा कोर्स. मशीनला कपडे लावले आणि ते पिळून निघायच्या आत पास झाले."

"मग तुझं मशीन फारच सावकाश चालतं."

तरी बाईंनी त्या कोर्सवाल्यांना फोन लावला. पलीकडचा आवाज मधाळ होता. आज नाव घातलं तर अर्धी फी, वर सोनेरी शिक्का.

"मी शिकवत असताना शेवटच्या बाकावर कोण बसणार?" बाईंनी विचारलं. "माझं चुकलं तर सांगणार कोण?"

"कुणाचं चुकत नाही मॅडम. आमच्याकडे सगळे पास होतात."

"आणि हे चालतं कुठे?"

"जगभर."

"एखाद्या शाळेचं नाव द्या. विचारून बघते."

"ऑफर आज संध्याकाळपर्यंतच आहे, मॅडम."

बाईंनी फोन ठेवला. त्यांच्या पहिल्या शाळेत मोठ्या बाई महिनाभर मागे येऊन बसायच्या आणि तास संपला की विचारायच्या, "आज मुलं किती बोलली आणि तूच किती बोललीस?" त्याचा कागद कुणी दिला नव्हता. पण जिथे नापासच होता येत नाही, तिथे पास होऊन मिरवायचं, हे काही बाईंच्या गळी उतरेना.

सोमवारी मालक आले. खिळा रिकामाच.

"तासभर शेवटच्या बाकावर बसा," बाई म्हणाल्या. "मला शिकवता येत नाही असं वाटलं तर उद्यापासून येणार नाही. पण खोटा कागद लावणार नाही."

"अहो, सगळेच लावतात."

"लावू देत."

मालक बसले. धडा हॉटेलातल्या पाहुण्याच्या तक्रारीला उत्तर देण्याचा होता. बाई फळ्याशी गप्प उभ्या राहिल्या. खोल्या आवरणारी एक मावशी, जिला पाच महिन्यांपूर्वी स्वतःचं नाव सांगताना घाम फुटायचा, ती थेट मालकांपुढे गेली आणि इंग्रजीत म्हणाली, साहेब, तुमचा नळ गळतोय. माणूस पाठवू की खोली बदलून देऊ?

मालक चाचरले. मान तेवढी हलवली.

"मानेने नाही," फळ्याजवळून बाई म्हणाल्या. "पूर्ण वाक्य. पुन्हा."

तिसऱ्या खेपेला त्यांना जमलं. कुणी हसलं नाही. त्या खोलीत प्रत्येकाचं पहिलं वाक्य तिसऱ्या खेपेलाच आलं होतं.

तास संपला तेव्हा मालकांनी खिळ्याकडे एकदा बघितलं. "पुढचा तास कधी?"

"उद्या, याच वेळी. उशीर करू नका."

बाईंनी फळा पुसला आणि ओला फडका त्या खिळ्याला वाळत घातला.