मीठ चवीनुसार

कुणाचा संसार बघायचा असेल तर त्याच्या घरी जाऊ नये, त्याचा डबा बघावा! बेंबळीच्या आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत आम्हा शिक्षकांचे चार डबे उघडतात आणि डब्यांबरोबर चार घरांतल्या कुरबुरीही बाहेर येतात. एकाला तिखट लागतं, दुसऱ्याला सोसत नाही. असे किस्से इतके साठलेत की कुठला आधी सांगू असं होतं. घरचाच सांगते, म्हणजे पुढं कुणी नाव ठेवायला नको.

* * *

माझं माहेर पुण्याचं, सासर माकणीचं. लग्नानंतरची पहिली आमटी मी माहेरच्या सवयीनं केली, गुळाचा चांगला खडा घालून. नवऱ्यानं ताटात भाकरी कुस्करली, वर आमटी ओतली, एक घास खाल्ला आणि आईकडं बघत बसला. सासूबाईंनी बोट बुडवून चव घेतली. 

मग त्या अगदी मायेनं म्हणाल्या, "बाई, आज कंचा सण हाय?"

तेव्हापासून आमच्याकडं आमटीची दोन पातेली असतात. एकात गूळ, दुसऱ्यात लसूण आणि काळं तिखट. नवरा माझ्या पातेल्याला अजून 'सणाचं' म्हणतो. पाहुणे आले की हळूच त्यातलंच वाढून घेतो, ते वेगळं!

* * *

शेख सरांना दुधी भोपळा डोळ्यांसमोर नको, आणि भाभींचा दालचा, म्हणजे डाळीचं कालवण, दुधीशिवाय होत नाही. डब्यात दालचा आला की सर एकेक फोड काढून झाकणात रचतात, मगच जेवायला सुरुवात करतात.

ईदला आम्ही सगळे त्यांच्या घरी गेलो होतो. सरांनी आमच्यासमोर तक्रार मांडली, "चौदा वर्षं झाली. मी काढतोय, ही घालतेय!"

भाभी वाढता वाढता म्हणाल्या, "असली दूधी तो मैं पीस के डालती. ऊपर के चार टुकडे तुम्हारे निकालने के वास्ते!"

सरांचा घास हातातच राहिला. चौदा वर्षांचा दुधी एकदम आठवला असणार. मग त्यांनी वाटी पुढं केली आणि आणखी दालचा मागितला.

* * *

आमच्या मुख्याध्यापिका सुनंदा मॅडम. त्यांच्या मिस्टरांनी मोबाईलवर कुठले तरी व्हिडिओ बघून डायट सुरू केलं. दुपारी एकच्या आधी अन्नाला शिवायचं नाही!

नेमकी येळवस, म्हणजे वेळ अमावस्या आली. त्या दिवशी आमच्या भागात घरात चूल नसते. सगळं गाव शेतात, कडब्याची खोपटासारखी कोप, तिथंच पूजा आणि तिथंच डाळी-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबिल. अकरालाच पंगत बसली. मिस्टर बाजूला घड्याळ बघत बसले आणि जेवणाऱ्यांना भज्जीतलं प्रोटीन समजावून सांगायला लागले. ऐकत ऐकत लोकांनी प्रोटीन संपवलं.

एकच्या ठोक्याला मिस्टर ताट घेऊन आले. पातेलं लख्ख! मॅडम म्हणाल्या, "आता आमचं डायट सुरू झालं. एकनंतर आमी वाढत न्हाय."

अर्ध्या तासानं मिस्टर शेजारच्या शेतातल्या पंगतीत सापडले. तिसऱ्यांदा भज्जी घेत होते.

* * *

बालाजी सरांचं घर तर निराळंच. सर माळकरी, गळ्यात तुळशीची माळ. वहिनी येरमाळ्याच्या, आणि मटण म्हणजे जीव की प्राण. बघायच्या कार्यक्रमात सरांच्या मामांनी विचारलं, "पोरी, स्वयंपाकात काय चांगलं येतं?" वहिनींनी मान वर करून सांगितलं, "मटण."

मामा उठायच्या बेतात होते. सर म्हणाले, "बसा मामा. पोरगी खरं बोलती."

रविवारी वहिनी मागच्या अंगणात वेगळ्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात मटण करतात. सर पुढच्या ओट्यावर पेपर वाचतात. पोरं मध्ये उभी राहून विचारतात, "आज आईच्यात जेवायचं का बाबांच्यात?"

* * *

मागच्या वर्षी वहिनींचं ऑपरेशन झालं. रक्त फारच कमी भरलं. डॉक्टर म्हणाले, "बोकडाच्या पायाचा रस्सा द्या रोज. पोटात काही गेलं नाही तर परत ॲडमिट करावं लागंल." वहिनी तर पाण्यालाही नको म्हणत होत्या. शेजारणींनी करून देतो म्हटलं, पण सर हटून बसले. "माझ्या बायकोचं दुखणं हाय, म्याच करणार."

मधल्या सुट्टीत त्यांनी शेख सरांकडून भाभींना फोन लावून घेतला आणि सगळी कृती पाठाच्या टाचणवहीत उतरवून घेतली. साहित्य, कृती, सगळं सुवाच्य अक्षरात. शेवटी भाभी म्हणाल्या, "नमक चव बघून."

सरांचं पेन थांबलं. चव बघणार कोण?

त्यांनी मार्ग काढला. चिमूटभरच घालायचं, कमी पडलं तर ती मागंल. पहिल्या दिवशी वाटी देताना त्यांनी विचारलं, "मीठ?" वहिनी म्हणाल्या, "बरोबर हाय. झकास झालाय." आणि वाटी रिकामी केली! सर दुसऱ्या दिवशी शाळेत पेढे घेऊन आले.

आठव्या दिवशी शेख सर आणि मी भेटायला गेलो. सरांनी मोठ्या हौसेनं आम्हालाही एकेक वाटी दिली. पहिल्या घोटाला मी शेख सरांकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं. नुसतं गरम पाणी बरं! पलंगावरून वहिनींनी आमच्यावर डोळे वटारले आणि म्हणाल्या, "माझ्या मालकानं केलाय. कसा झालाय?"

आम्ही दोघांनी वाटी तळापर्यंत संपवली.

वहिनी उठल्या, हिंडू-फिरू लागल्या. महिन्यानं सरांना त्यांच्या हातचा पहिला डबा आला. सरांनी एक घास खाल्ला आणि थांबले. भाजी अळणी होती. डब्याच्या झाकणाखाली कागदाची एक पुडी होती, मिठाची.

"ही म्हणली, चवीनुसार घ्या," सर पुडीकडं बघत म्हणाले.  मग त्यांनी विचारलं, "शेख सर, खरं सांगा. त्या रश्श्यात मीठ होतं का न्हाय?"

शेख सर झाकणातल्या दुधीच्या फोडी मोजायला लागले. "रस्सा झकास होता, सर."

बालाजी सरांनी पुडी न उघडता खिशात ठेवली आणि सगळा डबा अळणीच संपवला.