माझ्या नोकरीनं बंद पडलेलं कार्ड

मला सरकारी नोकरी लागली आणि काही महिन्यांतच बाबांचं डायलिसिसचं कार्ड बंद पडलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नव्हतं.

बाबा तरुणपणी नांदेडकडून हैदराबादला आले. आबिड्समधल्या एका कापडाच्या दुकानात ते राखणदार होते, ते पार किडन्या निकामी होईपर्यंत. आई गेल्यापासून दिलसुखनगरच्या भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच. गरिबांसाठीच्या योजनेतून त्यांचं डायलिसिस फुकट व्हायचं.

त्या दिवशी दवाखान्यातल्या काउंटरवरची बाई म्हणाली, "अम्मा, कार्ड नै खुल रा. बंद बता रा."

मी त्या दिवसापुरते पैसे भरले, बाबांना डायलिसिसच्या खुर्चीवर बसवलं आणि थेट नागरी सेवा केंद्र गाठलं. तिथल्या माणसानं पडद्यावर बघत विचारलं, "घर में किसी की नौकरी लगी क्या?"

"माझी... मेरी."

"हौ, वहीच. तुम्हारी तनखा शुरू हुई, राशन कार्ड गया. राशन कार्ड गया तो इलाज का कार्ड भी गया. सब जुड़ेला है ना."

त्याच्या आवाजात राग नव्हता, दयाही नव्हती.

आमच्या ऑफिसात कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांसाठी उपचाराची वेगळी सोय होती. तिथल्या कारकुनानं बाबांचा आधार नंबर टाकला आणि मान हलवली. जुन्या योजनेत त्यांचं नाव अजून आहे, म्हणून नवीनमध्ये घेता येत नाही. मी पुन्हा सेवा केंद्रात गेले. तिथं ऐकलं, की नुसतं नाव काढता येत नाही. कुठल्या योजनेत चाललेत ते दाखवावं लागतं, आणि तिकडं तर ते नाहीतच. जुन्या कार्डावर उपचार नाही आणि नव्या कार्डावर नाव नाही. सेवा केंद्रातल्या माणसानं हळूच एक वाट सुचवली, "बाप को अलग घर में दिखा दो. अकेला आदमी, गरीब आदमी. कार्ड चालू."

घरी येऊन मी हे चिडून सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर दाराशी बाबांची पिशवी भरलेली. पाय सुजून चपलेत मावत नव्हते.

"कुठं निघालात?"

"गौलीगुड्याला, तुझ्या काकाकडं. तिथं राहिलो की मी वेगळा. तुझ्या नोकरीला धक्का नको."

"बाबा, दाखवायला वेगळं म्हणाला तो. खरंच जायचं नाही."

"खोटं कशाला दाखवायचं? तू सरकारी माणूस आहेस आता."

मी पिशवी ओढून घेतली. आधी भांडले, मग रडले. ते पलंगावर बसून नुसते धापा टाकत होते. त्या धापा ऐकत रात्रभर माझा डोळा लागला नाही.

सकाळी रजा टाकून सेवा केंद्राच्या दारात जाऊन उभी राहिले. माझा नंबर आला तसा आमच्या ऑफिसातल्या कारकुनाला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन काउंटरवर ठेवला. "तुम्ही दोघं एकमेकांशी बोला. मी इथून हलणार नाही."

दोघंही आधी वैतागले. मग तेलुगूत बोलायला लागले. ह्यानं त्याला विचारलं, त्यानं ह्याला. मागं रांग कुरकुरत होती. अखेर नवीन अर्जाचा नंबर तिकडून मिळाला, तो इकडच्या माणसानं टाकला. "तीसेशानु, चूडंडी," तो फोनात ओरडला. नाव काढलं, बघा.

पलीकडून कळा दाबल्याचा आवाज येत राहिला. मी काउंटरची कड घट्ट धरली होती.

"वच्चिंदी!" कारकून फोनातून म्हणाला. नव्या योजनेत नाव आलं.

दुपारी दवाखान्यात बाबांचं नवं कार्ड उघडलं. नळ्या जोडल्यावर त्यांची धाप हळूहळू कमी झाली.

"झालं ना गं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"मग तू का उभीच?"

मी स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसले. मोबाईल काढला, नव्या योजनेत त्यांचं नाव दिसतंय का ते पाहिलं. दिसत होतं. थोड्या वेळानं पुन्हा पाहिलं. ते झोपले होते, तोंड किंचित उघडं. माझी पगारवाढ व्हायची होती. तेव्हा आणखी कुठं काय बंद पडेल, ते कुणाला विचारावं, हे मला कळत नव्हतं.