गॅलरीतली सुतळी

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारीच्या खिडकीमागे बावीस वर्षं बसलं की माणसाचे कान किटतात. तिथल्या कारकुनाला सगळे 'तक्रारवाले'च म्हणत; त्यांचे तर केव्हाच किटले होते. नळाला पाणी नाही, आहे ते गढूळ आहे, हे दिवसभर ऐकायचं आणि "उद्या या" म्हणायचं, हीच त्यांची नोकरी.

घरी आल्यावर त्यांना कुणाचा शब्द नको वाटे. चहा संपवून थेट मागच्या गॅलरीत जायचे आणि रंधा हातात घ्यायचे. फळीवरून रंधा सरकला की लाकडाची पातळ साल वेटोळं घालत पायाशी पडायची, आणि दिवसाचा शीण थोडा उतरायचा. काही बनलंच पाहिजे असा हट्ट नव्हता. एकेक फळी महिनाभर पुरायची.

"अहो, तासून तासून फळीचा कागद कराल," बायको म्हणायची.

मग तिचे गुडघे धरले. खाली मांडी घालता येईना, म्हणून ती स्वयंपाकघरात उपड्या बादलीवर बसून भाजी निवडू लागली. तक्रारवाल्यांना वाईट वाटलं. तिच्या गुडघ्याशी सुतळी लावून त्यांनी जमिनीपर्यंत माप घेतलं, तेवढीच कापली आणि गॅलरीत खिळ्याला अडकवली. त्या मापाचं स्टूल छानच झालं. पण त्याच दिवशी त्यांची बहीण आली.

"दादा, हे मी नेते. तुला काय, दुसरं करशील!"

तक्रारवाल्यांना आयुष्यात 'नाही' म्हणता आलं नव्हतं. 'उद्या' म्हणता येत होतं. स्टूल गेलं. बहिणीकडे ते तिच्या नणंदेनं पाहून मागितलं, नणंदेकडे शेजाऱ्यानं, आणि बातमी कचेरीतल्या साहेबांपर्यंत गेली. साहेबांना कोण नाही म्हणणार? दीड वर्षात नऊ स्टुलं गेली. सगळे कौतुक करायचे आणि बरोबर आणखी एकाचं नाव सांगून जायचे. तासण्यातलं सुख गेलं, उरकायची घाई तेवढी उरली. रंधा आता जड लागायचा.

एका संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या बाई दारात आल्या. "काका, माझ्या भावजयीचं झालं का हो?"

मान वर न करता ते म्हणाले, "उद्या या."

बाई गेल्या. तक्रारवाले मात्र रंधा धरून तसेच उभे राहिले. कचेरीतली खिडकी घरी येऊन बसली होती, आणि ती त्यांनीच आणली होती. त्यांना स्वतःचाच राग आला. खिळ्यावरच्या सुतळीवर बोटभर भुसा साचला होता. त्यांनी ती झटकली.

पुढचे पंधरा दिवस त्यांनी दुसऱ्या कुणाच्या कामाला हात लावला नाही. स्टुलाचे पाय सुतळीला लावून कापले, खाचा सावकाश कोरल्या, कडा हाताला लागू नयेत म्हणून पुन्हा पुन्हा घासल्या. साली पुन्हा वेटोळी घालत पडू लागल्या.

स्टूल स्वयंपाकघरात आलं. बायको बसली, हात फिरवून म्हणाली, "किती गुळगुळीत केलंय!" मग उठायला गेली, आणि उठता येईना. भिंत धरली, तरी नाही. शेवटी त्यांनी दोन्ही हात देऊन तिला उभं केलं.

"बरोबर तुझ्याच मापाचं आहे," ते पुटपुटले.

"तेव्हाच्या. आता एवढ्या खालून उठवत नाही." तिनं कोपऱ्यातल्या बादलीकडे बोट केलं. "वर्ष झालं, तिच्यावर दोन पाट ठेवून बसते. तुम्ही पाहिलं नाहीत?"

नव्हतं पाहिलं. गॅलरीत जायची वाट त्या बादलीवरूनच होती. लाकूड एकदा कापलं की वाढत नाही, हे ते सगळ्यांना सांगायचे. आज त्यांनी ते स्टूल उचलून बाजूला ठेवलं.

दारावर टकटक झाली. वरच्या बाईच होत्या.

"होणार नाही, बाई," तक्रारवाले म्हणाले. "उद्याही नाही."

दार लावून ते परत आले. बायकोला पाटांवर बसवलं आणि वरच्या पाटापासून जमिनीपर्यंत जुनी सुतळी लावून पाहिली. ती चार बोटं अपुरी पडली. त्यांनी नवी सुतळी आणली, नवं माप घेतलं आणि ती घेऊन गॅलरीकडे निघाले.

"अहो," बायको म्हणाली, "खिळ्याला नका अडकवू."

त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी तक्रारीच्या खिडकीत बसले, तेव्हाही ती खिशातच होती.