हिरव्या दारूच्या गावाला, हातमोजे घेऊन

यंदा दसऱ्याआधी सासरच्या गावी गेले, पण आतषबाजी बघायला नाही. पिशवीत रबरी हातमोज्यांचे बारा जोड होते आणि धाकट्या दिरांना एक गोष्ट पटवायची होती.

मेढ्याहून सकाळची एसटी धरली. सातारा, कराड, मग तासगाव. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्च फारसा नाही. मात्र कराड स्टँडवर तासगावची गाडी कधी लागेल याचा भरवसा नाही. वडापाव गरम असेल तरच घ्या. तासगावपुढे वडापची, म्हणजे माणसं भरली की सुटणारी, जीप मिळते. दोन्ही बाजूंना नुकत्याच छाटलेल्या द्राक्षबागा.

इथं दसऱ्याची शोभेची दारू गावकरीच बनवतात. तिला हिरवा रंग येतो तो बेरियम नायट्रेटमुळे. मिठासारखी पांढरी, जड पूड. स्वतः जळत नाही, पण आगीला प्राणवायू पुरवते. आमच्या ह्यांचा हिरवा गावात पहिला. ते उघड्या हातानं मिश्रण करायचे आणि मधेच त्याच तळव्यावर तंबाखू मळायचे.

तीन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांना उलट्या सुरू झाल्या, पाय लुळे पडले. सकाळी हृदय थांबलं. दगदग झाली, असं सगळे म्हणाले. मी वाचनालयातून पुस्तकं आणली. ही पूड पोटात गेली की रक्तातलं पोटॅशियम उतरतं, स्नायू ढिले पडतात, हृदयाचे ठोके चुकतात. एक्स-रेआधी पाजतात ते बेरियम पाण्यात विरघळत नाही, म्हणून सोसतं. हे विरघळतं. ह्यांचं तसंच झालं, हे आता कोण सिद्ध करणार? मला मात्र शंका उरलेली नाही.

मळ्यात दारू बनवायची शेड आहे, तिच्याबाहेर चपला, मोबाइल, काडीपेटी ठेवूनच आत जायचं. ठिणगीला सगळे भितात, पुडीला कुणीच नाही.

"आवं वैनी, मोजं घालून दादाला असला हिरवा जमला असता व्हय?" दीर म्हणाले.

"नसता जमला तर आज ते असते, भाऊजी."

शेजारी काम करणारे एक म्हातारे म्हणाले, "घाल रं गड्या. साताऱ्यावरनं आणल्यात त्यांनी."

भाऊजींनी घातले. तासभर नीट काम केलं. मग विसाव्याला बसले, कमरेची चंची सोडली आणि मोजा न काढताच त्या पांढऱ्या झालेल्या तळव्यावर तंबाखू मळायला घेतली.

"बगा, हाताला कायबी लागलं न्हाई!"

मी तंबाखू झटकून टाकली, चंची काढून घेतली. सगळे हसले. दुपारच्याच गाडीनं परतले.

चंची आता घरी बरणीत आहे, झाकण घट्ट. दसऱ्याला रात्री दिरांचा फोन आला. मागे बार उडत होते.

"वैनी, हिरवा लय झ्याक निघाला! समद्यांनी दादाची आठवण काढली."

"चंची?"

"नवी घेतली की."

"हात धुता का, भाऊजी?"

ते हसले. टाळ्यांचा आवाज आला आणि फोन बंद झाला.