शिवणीचा पाय

इगतपुरीच्या यार्डात मी डबे जोडायचं काम करत होतो. एका सकाळी दाट धुक्यात माझा डावा पाय दोन डब्यांमध्ये सापडला, आणि गुडघ्याखाली वीतभर ठेवून बाकीचा डॉक्टरांना कापावा लागला. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो. मुलगी नुकती रांगायला लागली होती.

रेल्वेने मला लगेच काढलं नाही. सिग्नलचे कंदील पुसून त्यात तेल भरायच्या खोलीत एक माणूस हवा होता. अट एवढीच होती की कुबड्यांशिवाय उभं राहता आणि चालता आलं पाहिजे. आषाढात रेल्वेचे डॉक्टर तपासणी घेणार होते. आम्ही राहत होतो ती खोलीही रेल्वेचीच. काम गेलं असतं तर तीही गेली असती.

नाशकात भद्रकालीच्या बाजूला एक दुकान होतं. तिथे खुर्च्या, पाळणे, कुबड्या आणि मापाप्रमाणे लाकडी पाय बनवून मिळत. मालकाने माझ्या उरलेल्या पायाला सुतळी गुंडाळून मापं घेतली. मग शिवणीच्या लाकडाचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"हातात काही आहे असं वाटतंय का? असा होणार तुमचा पाय," तो म्हणाला.

पावतीवर त्याने स्वतःच लिहिलं: शिवणीचं लाकूड, वजनाला हलकं, पितळी बिजागऱ्या, आतून मऊ कातडं. त्यासाठी बायकोने पाटल्या मोडल्या. त्यानंतर कितीतरी दिवस ती उजव्या हाताने डावं मनगट चाचपताना दिसायची.

पाय पंधरा दिवस उशिरा आला. तपासणीला आठ दिवस उरले होते. तपकिरी रंग दिलेला, चकचकीत, अगदी खऱ्यासारखा. मी तो बांधला, उभा राहिलो आणि दुसऱ्या पावलाला भिंत धरली. मांडीला दगड बांधल्यासारखं वजन होतं. त्याच्या वरच्या तोंडाची कड हाडाला टोचत होती. एका जागी टवका उडाला होता, तिथून पिवळट, जाड्या धाग्याचं लाकूड दिसत होतं. यार्डात मी खोक्यांचे ढीग रोज पाहत होतो. खोकी ज्याची करतात ते हे आंब्याचं लाकूड. बिजागरी नखाने खरवडली तर पितळी रंगाखाली लोखंड निघालं.

दुसऱ्याच दिवशी कुबड्या घेऊन नाशकात गेलो. मालकाने पाय हातातही घेतला नाही.

"तुमच्या मापाचा केलाय. आता तो दुसऱ्या कुणाच्या पायात जाणार? मापाने केलेली वस्तू परत घेत नाही आम्ही."

"मापाचं नाही म्हणत मी. तुम्ही शिवण लिहिलंय, हा आंबा आहे."

"धोतराखाली कोण बघायला बसलंय?" असं म्हणून तो दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळला.

तिथून मी एका वकिलांकडे गेलो. त्यांनी पावती दोनदा वाचली. "तुमची बाजू खरी आहे," ते म्हणाले. "वर्णन करून विकलेला माल वर्णनाबरहुकूम नसेल तर तो नाकारायचा तुम्हाला हक्क आहे. वस्तू मापाची असली म्हणून तो जात नाही. मी नोटीस देतो. पण एक सांभाळा. हा पाय आता वापरू नका. वापरलात तर माल पसंत केलात, असं तो म्हणेल."

"आठवड्याने माझी तपासणी आहे."

वकिलांनी पावतीची घडी घातली. मग हळू आवाजात म्हणाले, "ते मी तुम्हाला सांगू शकत नाही."

ते आठ दिवस मला अजून आठवतात. पाय कोपऱ्यात उभा होता. घातला तर हक्क जाणार, नाही घातला तर घर जाणार. मी बायकोवर ओरडायचो, मुलगी रडली की तिच्यावर ओरडायचो. एकदा तर रुळांकडे बघत बराच वेळ बसलो होतो. बायकोने बाहेर येऊन कुबड्या उचलून आत नेल्या. मला त्यांच्याशिवाय कुठे जाता येणार नाही, हे तिला माहीत होतं.

तपासणीच्या दिवशी मी पाय बांधला. डॉक्टरांना नोटिशीची नक्कल दाखवली आणि महिन्याची मुदत मागितली. ते म्हणाले, "मला कायद्यातलं कळत नाही. व्हरांड्याच्या त्या टोकापर्यंत जाऊन परत ये." मी गेलो. परत आलो. बिजागरी करकरत होती आणि उरलेल्या पायावर चढवलेल्या पायमोज्यात ओलं ओलं लागत होतं, पण चेहऱ्यावर मी काही दिसू दिलं नाही. त्यांनी सही केली.

कंदिलाच्या खोलीत मी अकरा दिवस काम केलं. बाराव्या दिवशी ताप भरला. जखम चिघळली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, आणखी थोडे दिवस हा पाय घातलात तर गुडघ्याच्या वर कापावं लागेल.

तेव्हा बायकोने तो पाय लुगड्याच्या धडप्यात बांधला, मुलीला कडेवर घेतलं आणि ती एकटी नाशकात गेली. पुढचं मी तिच्या तोंडून ऐकलं.

दुकानात गर्दी होती. तिने गाठोडं सोडून पाय मालकाच्या पुढ्यात ठेवला. आत रक्ताने कडक झालेला पायमोजा तसाच होता.

"हे शिवण असेल तर तुम्ही त्याला हात लावून तसं सांगा, मी जाते," ती म्हणाली. "नसेल तर आमचं आम्हाला परत द्या."

"बाई, तुमच्या नवऱ्याने हा वापरलाय. वापरलेला माल..."

"वापरला. खोलीतून बाहेर पडायची पाळी आली म्हणून वापरला. वापरला म्हणून आंब्याची शिवण होते का?"

तेवढ्यात मागच्या बाजूला लाकूड फिरवून कातायच्या चरकावर बसलेला म्हातारा कारागीर उठून पुढे आला. दाढी भुशाने पांढरी झालेला मुसलमान माणूस. त्याने पाय उचलला, मोजा बाजूला काढून ठेवला.

"शिवण नाही बेटी. मीच कातलाय. शेठनी आंबा दिला, मी आंबा कातला. तेव्हा बोलायला पाहिजे होतं, बोललो नाही," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "कोर्टात विचारलं तर तिथंही हेच सांगीन."

गिऱ्हाइकं ऐकत उभी होती. नोटीस आधीच गल्ल्यात पडून होती. मालकाने त्याच दिवशी पैसे परत केले, आणि संध्याकाळी म्हाताऱ्याला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

माझी जखम भरायला दोन महिने लागले. तोवर कंदिलाच्या खोलीत दुसरा माणूस लागला होता. आम्हाला खोली सोडावी लागली. भर पावसात हातगाडीवर सामान टाकून स्टेशनात आलो आणि नाशकाला जाणाऱ्या गाडीत बसलो. बायको रस्ताभर खिडकीबाहेर बघत होती. मी काही बोलायला गेलो की ती म्हणायची, "आत्ता नको."

नाशकात एका चाळीतली खोली मिळाली. दोघंही विड्या वळू लागलो. पाय नसला तरी बोटं चालतात.

दिवाळीनंतर त्या म्हाताऱ्याने पत्ता शोधून आम्हाला गाठलं. आता तो घरीच लाटणी आणि भोवरे कातत होता. त्याने पिशवीतून शिवणीचा ओंडका काढून माझ्या मांडीवर ठेवला.

"आधी बघा. नखाने खरवडा. मग माप देता का सांगा."

मी खरवडून पाहिलं. मग पुन्हा दुसऱ्या बाजूने पाहिलं. त्याला राग आला नाही. मला मात्र रडू आलं, आणि बायकोने विड्यांचं सूप बाजूला सारून त्याला बसायला जागा केली.